आधी परसातले पक्षी

पक्षी बघायला लागायचं म्हटलं की लोक आधी गावाबाहेरचा रस्ता धरतात. मायणीचा तलाव, भिगवणचं पाणी, नाशिकजवळचं नांदूर मध्यमेश्वर, आणि रजा मिळाली तर थेट राजस्थानातलं भरतपूर. साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी रोपवाटिका चालवणाऱ्या एका बाईंकडे थंडी पडली की अशी मंडळी येतात. गळ्यात नवी दुर्बीण, खिशात पक्ष्यांची यादी आणि तोंडी एकच चौकशी : कुठं गेलं म्हणजे जास्त पक्षी दिसतील? बाई त्यांना वर्षभर घरीच थांबायला सांगतात. काहींना हे पटत नाही, ते पुन्हा फिरकत नाहीत. जे थांबतात त्यांना मात्र वर्ष संपेपर्यंत पक्षी बघायची सवय लागलेली असते, आणि ती सवय मग कुठंही बरोबर येते.

बाईंना सगळे काकू म्हणतात. रोपवाटिकेला वीस वर्षांहून अधिक काळ झाला. घरामागं परस, परसाला लागून शेडनेट, त्यापलीकडे कलमांसाठी राखलेल्या मातृवृक्षांची रांग आणि कडेला पाण्याची टाकी, एवढाच पसारा. सकाळी उजाडता उजाडता त्या झारी हातात घेतात. कुंड्या, वाफे, काळ्या पिशव्यांतली रोपं, सगळ्यांवरून रोज तोच हात फिरतो. रोज त्याच वाटेनं फिरणाऱ्याला काल नसलेली गोष्ट आज चटकन दिसते. शेवग्यावर नवं भोक पडलंय, पेरूच्या पानाला टाके पडलेत, टाकीच्या कडेला कुणीतरी पिवळं, सडपातळ येऊन शेपटी हलवतंय. काकूंचं पक्षिनिरीक्षणाचं सगळं शिक्षण या पाणी घालण्याच्या फेऱ्यांमध्ये झालं. दुर्बीण नंतर आली, तीही साधी आठ बाय चाळीसची. परसात तिची गरज क्वचितच पडते.

रविवारी सकाळी नवशिक्यांचा गट जमतो. पहिला धडा मापाचा. चिमणी, बुलबुल, साळुंकी, कबुतर, कावळा, घार ही ओळीनं चढत जाणारी सहा मापं. नवा पक्षी दिसला की तो यातल्या कुणाएवढा होता, हे आधी सांगायचं, रंग नंतर. सालिम अलींनी १९४१ साली निघालेल्या ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्स’मध्ये हीच पद्धत वापरली होती. चिमणीहून लहान, बुलबुलाएवढा, साळुंकीहून मोठा, असं माप ते आधी देतात आणि मग वर्णनाकडे वळतात. ही पद्धत कामी यायची तर सहा ओळखीचे पक्षी डोळ्यांत पक्के बसलेले हवेत. म्हणून पहिला महिना फक्त त्यांच्याकडे बघायचं.

ऐकायला हे कंटाळवाणं वाटतं. बँकेतून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांना तसं वाटलंही होतं. त्यांनी दोन-तीन रविवार नाइलाजानं साळुंक्या बघितल्या आणि एक दिवस विचारलं, “काकू, साळुंकी चालते आणि चिमणी उड्या मारते, हे कधी लक्षातच आलं नव्हतं. असं का?” काकूंच्या लेखी तिथून ते निरीक्षक झाले. पुढं त्यांनी आपलं आपणच शोधून काढलं की घरकावळ्याची मान राखाडी असते, डोमकावळा सगळाच काळा आणि चोचीनं दणकट असतो, आणि त्यांच्या गल्लीत दोघंही आहेत. साठ वर्षं त्याच गल्लीत काढलेल्या माणसाला हा शोध मोलाचा वाटला. तो होताच.

दुसरा धडा, पक्षी काय करतो ते सांगायचा. इथं मुलं मोठ्यांना मागं टाकतात. एका ऑक्टोबरात जिल्हा परिषदेच्या शाळेतला एक मुलगा सांगत आला की कुंपणाच्या भिंतीवर काळपट पक्षी बसला होता, खाली उडी मारून किडा उचलायचा आणि परत वर बसायचा. “आणि शेपटी अशी थरथरत होती काकू, थंडीनं कुडकुडल्यासारखी!” एवढ्यावर काकूंनी नाव सांगितलं : थिरथिरा. त्याच पक्ष्याचा मोबाइलवर काढलेला फोटो त्याच आठवड्यात दोन मोठ्या माणसांनी आणला होता. फोटोत एक गडद ठिपका होता, आणि तो काय करत होता हे दोघांनाही आठवत नव्हतं.

म्हणून शंभर पानी वही सक्तीची. तारीख, वेळ, किती होते, काय करत होते. नाव माहीत नसेल तर जागा कोरी सोडायची. कोरी जागा ठेवायला लोकांना संकोच वाटतो, पण वर्षाअखेरीस या कोऱ्या जागा भरताना जे शिकणं होतं ते पुस्तक वाचून होत नाही, असा काकूंचा अनुभव आहे. मर्लिनसारखं ॲप आवाज ऐकून नाव सुचवतं. काकूंचा त्याला विरोध नाही, त्या स्वतः वापरतात. फक्त आधी वहीत लिहा आणि मग ॲपला विचारा, एवढं त्या बजावतात.

सुरुवात कधी करावी? पुस्तकं हिवाळा सांगतात, कारण तेव्हा पाहुणे पक्षी आलेले असतात आणि पानगळीत झाडं मोकळी होतात. काकू चैत्र सांगतात. चैत्रात पक्षी गातात, भांडतात, घरटी बांधतात. म्हणजे ते एका जागी सापडतात आणि नवशिक्याला तेच हवं असतं. होळीच्या आगेमागे दयाळ बोलायला लागतो. थंडीभर कुंपणातून गुपचूप फिरणारा हा काळा-पांढरा पक्षी पहाटे विजेच्या तारेवर किंवा झाडाच्या शेंड्यावर बसून तासभर गातो. उन्हं तापली की तांबट सुरू होतो, टुक टुक टुक, एका लयीत, दुपार दुपार. आकारानं चिमणीहून थोडा मोठा, हिरवा, कपाळ आणि छातीवरचा पट्टा लाल. आवाज सगळ्यांनी ऐकलेला असतो, पक्षी फार थोड्यांनी पाहिलेला असतो. काकू गटाला शेवग्याखाली उभं करतात आणि आवाजाच्या दिशेनं फक्त वाळक्या फांद्या तपासायला लावतात. हिरव्या पानांत हिरवा पक्षी सापडत नाही. वाळक्या फांदीवर तो उन्हात बसलेला असतो.

त्या शेवग्याची एक हकिगत आहे. झाड अर्धं वाळलं होतं, शेजाऱ्यांना ते तोडून हवं होतं आणि काकूंच्या माळ्यानं कुऱ्हाडही काढली होती. सकाळच्या फेरीत काकूंना झाडाखाली ताजा भुसा दिसला. वर पाहिलं तर तांबटाची जोडी आळीपाळीनं फांदीच्या खालच्या बाजूला गोल भोक कोरत होती. फांदी खालून कोरली की भोकात पाऊस जात नाही. शेजाऱ्यांना बोलावून काकूंनी ते दाखवलं, आणि पडायचा धोका असलेली एक फांदी तेवढी छाटून बाकी झाड ठेवायचं ठरलं. पिल्लं उडून गेल्यावर पुढं त्या भोकात चिमण्या राहिल्या. वाळकं लाकूड म्हणजे पक्ष्यांची वसाहत असते, हे काकूंना तिथं उमगलं. स्वच्छतेच्या हौसेपायी आपण परसातून पहिल्यांदा तेच काढून टाकतो. धोका नसेल तिथं वाळकं खोड उभं ठेवा, असं त्या आता प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतात. रोपं विकणारी बाई मेलेलं झाड जपायला सांगते, याचं लोकांना नवल वाटतं.

वैशाखात पाणी. याबद्दल काकू फार काटेकोर आहेत. मातीची पसरट परळ, पाणी दोन बोटं खोल, मधे एक खडबडीत दगड. परळ सावलीत ठेवायची, पण दाट झुडपाला चिकटून नाही, कारण मांजर तिथंच दबा धरतं. पाणी रोज ओतून द्यायचं, परळ नारळाच्या शेंडीनं घासायची, मग नवं भरायचं. साचलेल्या पाण्यात डास होतात आणि घाणेरड्या परळीतून पक्ष्यांना रोग लागतात. महिनाभर नेमानं पाणी भरून मग गावाला निघून जाणाऱ्यांना त्या आधीच शेजाऱ्यांची सोय लावायला सांगतात.

परळीजवळ बसलं की एकाच सकाळी किती तऱ्हा बघायला मिळतात! सातभाई टोळीनं येतात, एक झाडावर राखणीला बसतो आणि बाकीचे पाण्यात उतरतात. बुलबुल काठावर बसून आधी चारी बाजू न्याहाळतो. होला चोच पाण्यात बुडवून मान वर न करता पाणी ओढून घेतो. कबुतरांच्या कुळाची ही खासियत आहे, बाकी बहुतेक पक्षी घोट घेऊन मान वर करतात. चिमण्या पाणी पिऊन शेजारच्या मातीत धूळस्नान करतात. शिंजीर मात्र परळीकडे फिरकतच नाही. काकू जास्वंदीवर झारीनं पाणी शिंपडतात तेव्हा तो ओल्या पानांवर येऊन अंग घासतो, पानावरून घसरतो, पुन्हा वर जातो. बोटभर पक्षी, उन्हात निळा-जांभळा चमकणारा. नवशिक्यांना दाखवायला याहून सुंदर दृश्य काकूंना माहीत नाही.

धान्य टाकायचं का, हा दुसरा नेहमीचा प्रश्न. काकूंचं उत्तर स्पष्ट आहे. मूठभर ज्वारी-बाजरी चिमण्यांसाठी ठेवायला हरकत नाही, पण ढिगानं धान्य टाकलं की पारवे वाढतात, आणि त्यांच्या वाळलेल्या विष्ठेच्या धुळीनं माणसांना फुफ्फुसाचा त्रास होऊ शकतो. मुंबईत २०२५ साली कबुतरखाने बंद करण्यावरून केवढा वाद झाला! पक्ष्यांवर माया असेल तर झाड लावा. शेवगा, जास्वंद, डाळिंब शिंजिरासाठी. कढीपत्ता आणि तुती बुलबुल-कोकिळांसाठी. जागा असेल तर उंबर. उंबरासारखा यजमान दुसरा नाही. जागा नसेल तर गच्चीत कुंडीतली जास्वंदसुद्धा पुरते. आंब्यावरचं बांडगूळ लोक मुळापासून उपटतात. झाडाला ते जाचतं हे खरंच आहे, तरी एखाद्या फांदीवर थोडं राहू द्यावं असं काकूंना वाटतं. त्याच्या फळांवर फुलटोच्या जगतो, त्याच्या फुलांवर शिंजीर येतो. फुलटोच्या आपल्याकडच्या सर्वांत चिमुकल्या पक्ष्यांपैकी एक. त्याची चिक् चिक् ओळखायला शिकलं की तो डोक्यावरून दिवसातून कितीदा जातो हे कळून माणूस चकित होतो.

पानांना भोकं पडलेली रोपं मात्र विकली जात नाहीत. हा धंद्यातला खरा पेच. गिऱ्हाईक पान उलटून बघतं, अळी दिसली की कुंडी खाली ठेवतं. म्हणून रोपवाटिकेत फवारणी ही रोजची बाब असते. काकूंनी मातृवृक्षांची एक रांग फवारणीतून वगळली, तेव्हा त्यांच्या माळ्याला तो वेडेपणा वाटला. पहिल्या पावसाळ्यात त्या रांगेवर मावाही आला आणि अळ्याही. मागोमाग चष्मेवाल्यांचे थवे आले, शिंपी आला, राखी वटवट्या आला. कीड पुरती गेली नाही, काही कलमं वाया गेलीच, तरी झाडं तगली. पक्ष्यांसाठी काय लावू असं विचारणाऱ्याला काकू ही रांग दाखवतात. दाणे खाणारी चिमणीसुद्धा पिल्लांना अळ्या आणि किडेच भरवते. किडे नाहीत तिथं पिल्लं वाढत नाहीत.

चिमण्यांबद्दल बोलणं निघालं की कुणीतरी मोबाइलच्या टॉवरचं नाव घेतंच. काकू तेव्हा ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ या अहवालाचा दाखला देतात. २०२० सालच्या या अहवालानुसार देशभराचा विचार केला तर चिमणीची संख्या स्थिर आहे, मोठ्या महानगरांत मात्र ती घटली आहे. आणि टॉवरच्या लहरींना दोष द्यावा असा ठोस पुरावा नाही. कमी झालेले किडे आणि कमी झालेल्या खोपच्या, ही कारणं जास्त संभवतात. कौलं गेली, वाशांमधल्या फटी गेल्या, गुळगुळीत भिंती आल्या. २० मार्चला, जागतिक चिमणी दिनी, काकू लाकडी खोकी देतात. भोक सव्वा इंचाचं, म्हणजे साळुंकीला आत शिरता येत नाही. खोकं उन्हाच्या झळा लागणार नाहीत अशा भिंतीवर, मांजराच्या उडीच्या वर टांगायचं.

आता कुंडीतल्या बुलबुलाची गोष्ट. कोरेगावकडच्या एका गृहस्थांनी मोठी बोगनवेल निवडली, पैसे दिले आणि आठवड्यानं टेम्पो घेऊन येतो म्हणाले. ते आले तेव्हा वेलीच्या मधोमध, काटक्या आणि मुळांच्या धाग्यांची वाटी बांधून, बुलबुलाची मादी बसलेली होती. काकूंनी त्यांना चार पावलांवरून ती दाखवली. गृहस्थ थोडा वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, “राहू द्या काकू, पिल्लं गेल्यावर नेतो.” टेम्पोचं भाडं देऊन ते परत गेले, पण दर दोन दिवसांनी येत राहिले. गुलाबी अंगावर तांबड्या ठिपक्यांची तीन अंडी, मग दोन आठवड्यांच्या आतच उघड्या अंगाची, डोळे मिटलेली पिल्लं. आईबाप दोघंही अळ्या आणत. भरवून झालं की पिल्लू मागं वळायचं, आणि त्याच्या विष्ठेची पांढरी पिशवी चोचीत धरून बुलबुल ती लांब नेऊन टाकायचा, घरट्याजवळ वास राहू नये म्हणून. हे पाहून ते गृहस्थ थक्क झाले होते. एका पिल्लाचं काय झालं ते कळलं नाही, दोन उडाली. बोगनवेल कोरेगावला गेली आणि गृहस्थ रविवारच्या गटात आले.

तेव्हापासून घरटं असलेल्या कुंडीला लाल चिंधी बांधलेली असते. चिंधीची कुंडी विकायची नाही, हलवायची नाही, पाणी बुंध्याशी हळूच घालायचं. फोटोही लांबूनच. एकदा एका हौशी छायाचित्रकारानं घरट्यासमोरची पानं बाजूला बांधायला दोरी काढली. काकूंनी त्याला तिथंच थांबवलं. ती पानं म्हणजे घरट्याचं ऊन आणि शत्रू अडवणारा पडदा असतो. फोटो काढून माणूस जातो आणि उघडं पडलेलं घरटं मागं राहतं. विणीच्या दिवसांत मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बाहेर बोलावण्याच्याही त्या विरोधात आहेत. हद्दीत परका नर शिरला असं समजून तो पक्षी खाणंपिणं, पिल्लं सोडून धावत सुटतो. या दोन गोष्टी न पाळणाऱ्याला गटात जागा नाही, मग त्याचा कॅमेरा कितीही भारी असो.

शत्रू येतातच. भारद्वाज दिसला की दिवस चांगला जातो, अशी आपल्याकडे समजूत. एका रविवारी गटासमोरच भारद्वाज कुंपणातून उतरला, रमतगमत कण्हेरीच्या कुंडीपर्यंत आला आणि चिंधी बांधलेल्या घरट्यातून पिल्लू उचलून घेऊन गेला. मुलं रडायला लागली. हात जोडून उभ्या असलेल्या एका आजींचे हात तसेच राहिले. तुम्ही हाकललं का नाही, असं काकूंना दोघांनी रागानंच विचारलं. काकूंनी त्यांना चिंचेच्या झाडाकडे नेलं. तिथं भारद्वाजाचं स्वतःचं घरटं होतं आणि त्यातूनही भुकेला आवाज येत होता. हा धडा त्यांना कुठल्या पुस्तकातून शिकवता आला नसता. त्या दिवशी वहीत बहुतेकांनी पानभर लिहिलं.

शिंप्याचं घरटं हे पावसाळ्याचं वैभव. अंजिराच्या रोपाची रुंद पानं त्याला आवडतात. काकूंनी ते काम एकदा शेडनेटच्या आड बसून जवळून पाहिलं. मादी चोचीनं पानाच्या कडेला बारीक भोक पाडते, कापसाचा किंवा कोळ्याच्या जाळ्याचा धागा त्यातून ओढते आणि दुसऱ्या कडेच्या भोकातून बाहेर काढते. गाठ मारत नाही. धाग्याचं टोक बाहेरच्या बाजूला पिंजून फुगवते, म्हणून ते भोकातून निसटत नाही. प्रत्येक टाका सुटा. असे टाके घालत गेलं की पानाची पिशवी होते, आत कापूस आणि मऊ तंतूंचं अस्तर. पान झाडालाच राहतं, हिरवंच राहतं, म्हणून घरटं समोर असून दिसत नाही.

पावसाळ्यात पक्षिनिरीक्षण बंद ठेवणाऱ्यांना काकू याचसाठी ओरडतात. मृगाच्या आधी पावशा रात्रंदिवस ‘पेर्ते व्हा’ म्हणत असतो. वळवाच्या सरींबरोबर चातक आफ्रिकेकडून येतो. दोघंही आपली अंडी सातभाईंच्या घरट्यात घालतात. कोकीळ कावळ्याच्या घरट्यावर टपलेली असते; काळा लालडोळ्या नर कुहू कुहू करत कावळ्यांना आपल्यामागं पळवतो आणि ठिपकेवाली तपकिरी मादी तेवढ्यात अंडं घालून जाते. याच दिवसांत काकूंना फोन येतात की कावळा डोक्यात चोच मारतोय. जवळ घरटं असणार, दोन आठवडे दुसऱ्या वाटेनं जा, नाहीतर छत्री घ्या, हे ठरलेलं उत्तर. दुसरा फोन जमिनीवर पडलेल्या पिल्लाचा. अंगावर पिसं आली असतील, ते टुणटुण उड्या मारत असेल, तर घरी आणू नका. जवळच्या फांदीवर ठेवा, मांजर-कुत्रं लांब ठेवा आणि बाजूला व्हा. माणसाचा हात लागला म्हणून आईबाप पिल्लू टाकत नाहीत. घरी आणून दूध-भात भरवलेली पिल्लं मात्र सहसा जगत नाहीत.

श्रावणात रोपवाटिकेच्या मागच्या पट्टीतलं गवत काकू कापत नाहीत. ठिपकेदार मुनिया तिथून स्वतःपेक्षा लांब पातं चोचीत धरून उडत जातात, ते पातं मागं लहरत राहतं. पलीकडच्या विहिरीवरच्या बाभळीला सुगरणीची घरटी लोंबतात. विणकाम नर करतो. अर्धं झालं की मादी येऊन तपासते, पसंत पडलं तरच तो पुरं करतो. नापसंत झालेली घरटी तशीच अर्धवट राहतात. मुलांना ती मोजायला लावायची.

गणपतीच्या आगेमागे पहिला पाहुणा येतो, करडा धोबी. हिमालयाकडून आणि त्याच्याही पलीकडून आलेला हा पक्षी टाकीच्या ओल्या कडेला शेपटी वरखाली करत फिरायला लागला की गटात फोनाफोनी होते. पहिला धोबी कुणाला, कोणत्या तारखेला दिसला याची नोंद सगळ्यांच्या वहीत असते, आणि दुसऱ्या वर्षी मागची तारीख काढून बघताना नवशिक्यांना वर्षाचा फेर पहिल्यांदा समजतो. पितृपक्षात लोक पान ठेवून कावळ्याची वाट बघत असतात. काकू त्याच वेळी मुलांना कावळे मोजायला बसवतात. दसरा-दिवाळीत थिरथिरा येतो. कधीतरी आंब्यातून लांब पांढऱ्या शेपटीचा स्वर्गीय नर्तक झुलत जातो, त्या दिवशी गिऱ्हाइकं खोळंबली तरी चालतात.

याच सुमाराला जांभळ्या शिंजिराचा नर रंग उतरवतो. पिवळट अंग, छातीवर मधोमध एक गडद पट्टा. दरवर्षी कुणीतरी नवा पक्षी सापडला म्हणून धावत येतं. वर्षभर तोच पक्षी बघितलेला माणूस मात्र शांतपणे सांगतो की हा आपलाच शिंजीर. परगावी फिरून याद्या करणाऱ्यांना हे कळायला वेळ लागतो, कारण त्यांना तो एकाच वेशात भेटलेला असतो.

नोव्हेंबरात ५ ते १२ तारखेपर्यंत महाराष्ट्रात पक्षी सप्ताह असतो. ५ नोव्हेंबर निसर्गलेखक मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, १२ नोव्हेंबर सालिम अलींचा. २०२० पासून तो सरकारी पातळीवर साजरा होतो आणि शाळा काकूंकडे मुलं पाठवतात. संक्रांतीला काकू पतंगाच्या दुकानांत फिरतात. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादानं २०१७ साली बंदी घातली, तरी तो मिळतो, आणि झाडांत अडकलेला मांजा वर्षभर पक्ष्यांचे पंख कापत राहतो. गटातली मुलं सणानंतर आठवडाभर झाडांवरचा मांजा काठीनं उतरवतात. हे काम पक्षिनिरीक्षणाचाच भाग आहे, याबद्दल काकूंच्या मनात शंका नाही.

माघ-फाल्गुनात पांगारा आणि सावर फुलली की मध्य आशियातून आलेल्या पळसमैनांचे थवे त्यावर तुटून पडतात, आणि फेब्रुवारीच्या मध्यावर ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’ येतो. अमेरिकेत १९९८ साली सुरू झालेल्या या गणनेत भारत २०१३ पासून आहे. शुक्रवार ते सोमवार असे चार दिवस. एका जागी निदान पंधरा मिनिटं थांबायचं, दिसलेले आणि ऐकलेले पक्षी मोजायचे आणि यादी ईबर्ड या संकेतस्थळावर टाकायची. खर्च काही नाही. काकूंचा गट आपापल्या घरूनच मोजतो. तुम्हीही यंदा मोजा. यादीत कावळा, साळुंकी आणि चिमणी एवढीच तीन नावं आली तरी ती तशीच पाठवा. २०२३ च्या ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ अहवालात ९४२ जातींची स्थिती मांडली गेली, ती सुमारे ३०,००० निरीक्षकांनी पाठवलेल्या अशाच ३ कोटी नोंदींच्या आधारावर.